निशाणी चौदाचा कोपरा

१

सोमवारी सकाळी साडेआठला मी कपाट उघडलं, निशाणी चौदाची पिशवी काढली आणि मटकन खुर्चीत बसले. पिशवीत जाळी होती, पण ती आमची नव्हती.

दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. तीच काळी पॉलिमरची जाळी, वर्तमानपत्राच्या पानाएवढी, आडव्या नऊ पट्ट्या, उभ्या नऊ. असल्या जाळ्या खाणीच्या रस्त्याखाली अंथरतात, म्हणजे दोनशे टनांचे ट्रक चिखलात रुतत नाहीत. पिशवीला कोर्टाची चिठ्ठी जशीच्या तशी होती. जाळीचा एक कोपरा सोललेला होता, तोही जसाच्या तसा. गोची त्या कोपऱ्यातच होती.

ही जाळी बनते आमच्या अशिलाच्या, नेव्हिल कॅडीच्या फॅक्टरीत, विंगफील्डला. तिथली एक रीत आहे. मशीनवरून उतरलेली प्रत्येक चादर बाकावरच्या लोखंडी शेगड्यात आवळायची, कोपऱ्यातल्या वरच्या पट्टीचं टोक हातातल्या पकडीत धरायचं आणि आपल्या खांद्याकडे ओढायचं. पट्टी फाटली तर सांधा पक्का. पट्टी शाबूत राहून सांधाच सुटला तर अख्खी चादर भंगारात. फाटलेल्या पट्टीचे तंतू ओढणाऱ्याच्या हाताकडे झुकतात. बारा वर्षांत मी हे शंभर वेळा पाहिलंय.

निशाणी चौदाचे तंतू डावीकडे झुकलेले होते. अपिलाच्या कागदपत्रांतल्या लहानशा फोटोतही ते दिसतात. माझ्या हातातल्या जाळीचे तंतू होते उजवीकडे. मी जाळी उलटी करून पाहिली, पण मग वरच्या पट्ट्या खाली गेल्या. म्हणजे जाळी बदलली होती, आणि बदलणाऱ्याने नव्या जाळीचा कोपरा आठवणीने सोलला होता.

खटला संपल्यावर कोर्टाने निशाण्या आमच्या ताब्यात दिल्या होत्या. पावतीवर सही होती माझी, रेलीन ट्रेझिसची. गुरुवारी सकाळी दहाला तीन न्यायाधीशांपुढे अपील होतं. तोवर जाळी सापडली नाही, तर माझ्या ताब्यातून निशाणी गेली असं मला शपथेवर लिहून द्यावं लागणार होतं. पेटंटं लिहिण्यात एकतीस वर्षं घालवली, जूनमध्ये निवृत्त होणार, आणि ॲडलेडमध्ये लोक माझं नाव कशाने लक्षात ठेवणार, तर यानं.

पहिला संशय आला टेगन नोस्केचा. आला म्हणण्यापेक्षा, मी तो हौसेनं आणला.

२

टेगनबद्दल माझ्या पोटात दुखत होतं, हे आधीच सांगून टाकते. पोरगी चोविसाव्या वर्षी माझ्या हाताखाली आली. दावा, म्हणजे पेटंटात शोधाची हद्द सांगणारं वाक्य, कसा लिहायचा, कुठे थांबायचं, सगळं मी शिकवलं. आता ती छत्तीस वर्षांची आहे, फर्मची भागीदार आहे, आणि कॅडीचं अपील तिच्याकडे गेलं. मी लिहिलेलं पेटंट, आणि ते लढवणार ती! मला मिळाली कपाटाची किल्ली.

भांडण सोपं होतं. पेटंटाचा पहिला दावा म्हणतो, पट्ट्या आडव्या-उभ्या आणि सांध्यावर वितळवून जोडलेल्या. ब्रिस्बेनची एक कंपनी अख्खा सांधा वितळवत नाही, फक्त चार ठिपके वितळवते. खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशबाईंनी पेटंटातलं वर्णन पाहिलं, तिथल्या उदाहरणात सांधा पूर्ण जोडलेला होता, आणि त्यांनी ठरवलं की दावाही तेवढाच. ब्रिस्बेनवाले सुटले.

आमचं म्हणणं होतं, चौथा दावा वाचा. तो म्हणतो, ‘पहिल्या दाव्यातली जाळी, जिच्यात जोड संपूर्ण सांधाभर आहे.’ पहिल्यातच संपूर्ण सांधा धरायचा असता, तर चौथा वेगळा लिहिण्याचं कारण काय? म्हणजे पहिला दावा रुंद आहे, आणि ठिपकेवालेही त्यात येतात. सगळं अपील या एका ओळीवर उभं होतं. ती ओळ सापडल्यापासून लोक मला जिन्यात अडवून सांगत होते, ‘काय दूरदृष्टी, रेलीन!’ मी हसून मान हलवत होते.

नोंदवही ठेवते आमच्या ऑफिसातली कारकून, थुई. कागद आणि जादा किल्ल्या तिच्या ताब्यात असतात, आणि तिची नोंद कधी चुकत नाही.

‘‘शुक्रवारी तीन जणांनी पिशवी पाहिली,’’ ती म्हणाली. ‘‘अकरा वाजता समोरचे वकील, अँगस प्रिडॉ. तपासून गेले. बाराला टेगन पिशवी घेऊन गेली.’’

‘‘कशाला?’’

‘‘लिहिलं नाही तिनं. मी विचारलं तर म्हणाली, रेलीनला सांगू नको, उगाच चिडेल.’’

माझ्या अंगात गुदगुल्या झाल्या. दुसरा शब्द नाही त्याला.

‘‘आणि तिसरा?’’

‘‘साडेचारला मीटिंग होती ना, नेव्हिल कॅडीबरोबर? पिशवी तेव्हा टेबलावरच होती. पाचला टेगननंच कपाटात ठेवली. रेलीन, तुम्ही हसताय का?’’

३

आधी अँगसला फोन केला, शिष्टाचार म्हणून.

‘‘तुमच्या जाळीला मी हातमोजे घालून हात लावला,’’ तो म्हणाला. ‘‘शेजारी थुई उभी होती, माझ्या आईसारखी. काय, हरवलीत वाटतं?’’

‘‘हरवेल कशी?’’

‘‘हरवलीत तरी मला काय? आम्ही भांडतोय ते दाव्यातल्या शब्दांवर. त्या तुकड्यावर न्यायाधीशांनी चहाचा कप ठेवला तरी माझं काही बिघडत नाही. आणि तुमचंही.’’

त्याचं बोलणं डोक्यात अडकलं. खरंच होतं ते. दाव्याची हद्द ठरते ती लिहिलेल्या शब्दांवरून, आणि जाणता कारागीर ते कसे वाचेल त्यावरून. मालकानं पहिली जाळी कशी बनवली होती, त्याला अपिलात काडीची किंमत नव्हती. खटल्यात ती आणली होती फक्त गोष्ट सांगायला, की नेव्हिलनं एकट्यानं, स्वतःच्या हातानं हा पहिला नमुना केला. तसं त्यानं शपथेवर सांगितलं होतं. न्यायाधीशबाईंनी निकालात ते एका वाक्यात नोंदवलं आणि पुढे गेल्या.

मग निरुपयोगी तुकडा चोरायचा कशाला? मला अडचणीत आणायला! पावतीवर सही माझी. टेगनला मी फर्ममधून लवकर जायला हवी होते. झालं, गणित सुटलं.

कॉफी करायला गेले. फ्रीजच्या वर फर्मच्या क्रिकेटचे फोटो लावलेत. दर वर्षी आम्ही आमच्या अशीलांबरोबर सामना खेळतो आणि दर वर्षी हरतो. त्यातला एक फोटो माझा फार लाडका आहे. कॅडीच्या पोरीनं, किर्स्टीनं, डावा हात फिरवून टाकलेला चेंडू टेगनच्या मधल्या यष्टीवर बसलाय. टेगन शून्यावर बाद, तोंड असं झालंय की बघत राहावं. दिवस वाईट गेला की मी तो फोटो बघून घेते.

बघत उभी होते, तेवढ्यात मागून टेगनचा आवाज आला.

‘‘रेलीन, तुला एक सांगायचं होतं. निशाणी चौदाबद्दल.’’

४

तिनं मला आपल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. टेबलावर बेडकाच्या आकाराच्या केकचा डबा होता, हिरवे, गुलाबी, सगळे तोंडं उघडून बसलेले. मला चुचकारायचं असलं की ती ते आणते.

‘‘शुक्रवारी मी पिशवी नेली,’’ ती म्हणाली. ‘‘फोटोवाल्याकडे. मोठा फोटो काढून घेतला.’’

‘‘मला न विचारता?’’

‘‘विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मी काहीही मागितलं की तू नाहीच म्हणतेस, हल्ली.’’

तिनं भिंतीला टेकवलेला पुठ्ठा फिरवला. दीड मीटरचा फोटो. सोललेला कोपरा ताटाएवढा दिसत होता, तंतू एकेक मोजता यावेत असे, डावीकडे झुकलेले. खाली ठळक अक्षरांत होतं, ‘नेव्हिल कॅडी यांनी स्वतः बनवलेला पहिला नमुना.’

म्हणजे शुक्रवारी बारापर्यंत पिशवीत खरी जाळी होती. अँगस सुटला, तो सकाळीच येऊन गेला होता. थुईनं फॅक्टरी कधी पाहिलेली नाही, कोपरा सोलायचं तिला सुचलंच नसतं. उरली टेगन. तिनं फॅक्टरी पाहिली होती.

‘‘अपिलात याचा उपयोग काय?’’ मी विचारलं.

‘‘काही नाही. पण न्यायाधीशांना डोळ्यांपुढे काहीतरी लागतं. मीटिंगमध्ये नेव्हिलला दाखवला. मला वाटलं खूश होईल.’’

‘‘आणि?’’

‘‘म्हणाला, हा लावू नका. एवढंच. मग म्हणाला किर्स्टी येतेय गुरुवारी, रॉटरडॅमहून. मी मीटिंगला आलेल्या ज्येष्ठ वकिलांना सोडायला खाली गेले, तो एकटाच बसून होता. मी आले तेव्हा आपली चादर गुंडाळून बॅगेत भरत होता.’’

‘‘कसली चादर?’’

‘‘तो हल्लीचे नमुने घेऊन आला होता ना, दाखवायला. का गं?’’

आरोप ओठांवर तयार होता. तिनं डबा पुढे सरकवला, एक हिरवा बेडूक उचलला, आणि दुसऱ्या घासाला मला दिसलं की ती तो डाव्या हातानं खातेय. लिहितेही डाव्या हातानं. बारा वर्षं माझ्या शेजारी बसून लिहिलंय, मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. आठवायचं नव्हतं.

खोटा कोपरा उजव्या हातानं सोलला होता. हात अशा वेळी विचारत नाही, सवयीनं ओढतो.

मला वाईट वाटलं. चोर ती नाही याचंच वाटलं, हे लाजिरवाणं आहे, पण लिहून ठेवते.

५

त्या रात्री काही सुचेना. मंगळवारी टेगनला फक्त एवढंच सांगितलं, की जाळी बदललीय आणि मी आणायला जातेय. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, ‘‘बरं’’ म्हणाली, आणि चक्क काही विचारलं नाही. दुपारी गाडी काढली. बाहेर बेचाळीस अंश होते आणि उत्तरेचा वारा तोंडावर येत होता.

वाटेत मी उलट बाजूनं विचार केला. खोटी जाळी कुणी ठेवली हे कळलं होतं. नमुना जवळ होता, रीतीप्रमाणे त्यानं फॅक्टरीतच सोललेला, खोली रिकामी होती, हात उजवा होता. पण अशील स्वतःचाच पुरावा का पळवेल? खोट्या जाळीकडे बघत बसले होते ती चूक होती. बघायला हवं होतं खरीकडे. खरीत असं काय होतं, जे ताटाएवढं झाल्यावर नेव्हिलला बघवलं नाही?

तंतू डावीकडे. नेव्हिल उजव्या हाताचा. म्हणजे पहिला नमुना त्यानं केलाच नव्हता.

मग केला कुणी? बारा वर्षांपूर्वी फॅक्टरीत कामाला तिघंच होती. नेव्हिल, एक म्हातारा फिटर, त्याचा उजवा हात सगळ्या कामात पुढे, आणि इंजिनिअरिंगच्या सुट्टीत आलेली मुलगी. फ्रीजवरचा फोटो डोळ्यांपुढे आला, आणि पहिल्यांदाच मी त्यात टेगनकडे पाहत नव्हते.

नेव्हिल मशीनपाशीच उभा होता. पासष्टी उलटली तरी कामाचे बूट, गुडघ्यापर्यंत मोजे.

‘‘नेव्हिल,’’ मी म्हणाले, ‘‘एक चादर सोलून दाखव.’’

त्याने पकड उचलली, उजव्या हातात. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती हळूच खाली ठेवली.

६

‘‘कसं कळलं?’’ त्यानं विचारलं. आम्ही त्याच्या काचेच्या खोलीत बसलो होतो. घड्याळात चार वाजले होते.

मी सांगितलं.

‘‘तू पोलिसात असायला हवी होतीस.’’

‘‘जाळी कुठाय?’’

‘‘तू माझी वकील आहेस. मी नाही म्हटलं तर तू तोंड उघडू शकत नाहीस.’’

‘‘तुझ्याबद्दल नाही. पण निशाणी गेली हे माझ्याबद्दल आहे, ते मी उद्या लिहून देणार. माझं नाव जाईल. तुला चालेल?’’

त्यानं काचेतून मशीनकडे बोट दाखवलं.

‘‘मी दोन वर्षं या सांध्याशी झगडत होतो, रेलीन. दाब वाढवत होतो, वाढवत होतो, पट्ट्या जळत होत्या. ती सुट्टीत आली. बावीस वर्षांची. तिनं दाब कमी केला. कमी! तीन आठवड्यांत जाळी तयार. शेगड्यात धरली, सोलली, पट्टी फाटली, आणि ती नाचायला लागली. म्हणाली, बाबा, बघ! मला आनंद व्हायला हवा होता ना? बापाला होतो. मला झाला नाही. तिला कॉलेजात परत पाठवलं आणि तुझ्याकडे येऊन माझं नाव लिहिलं.’’

‘‘आणि ती?’’

‘‘कधी विचारलंच नाही तिनं. खटल्याच्या वेळी ती तिकडे होती. मी शपथेवर काय बोललो, तिला माहीत नाही. परवा येणार, कोर्टात बसणार, समोर तो भला मोठा कोपरा. तिचा स्वतःचा हात! आणि खाली माझं नाव. म्हणून उचलली.’’

‘‘शोधणाऱ्याचं नाव राहून गेलं म्हणून पेटंट मरत नाही, नेव्हिल. दुरुस्ती होते. शपथेवरचं खोटं मात्र तू आपण होऊन सुधार. सोपं जाणार नाही, पण पकडला गेलास तर फार वाईट जाईल. आणि तू सुधारणार नसलास, तर गुरुवारी आमच्यापैकी कुणी तुझ्यासाठी उभं राहू शकणार नाही.’’

‘‘बोलायला काय जातं तुझं? तुला काय कळणार कसं वाटतं ते?’’

‘‘कळतं,’’ मी म्हणाले. आणि मग ते तोंडून निघालंच. ‘‘चौथा दावा माझा नाही.’’

त्यानं मान वर केली.

‘‘टेगननं लिहिला. चोवीस वर्षांची होती. मी लाल शाईनं खोडला, म्हणाले पाल्हाळ आहे. तिनं परत घातला, मी परत खोडला. तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर बसून भांडली, तेव्हा कंटाळून राहू दिला. आता सगळं अपील त्यावर उभं आहे आणि लोक मला दूरदृष्टी म्हणतात. मी एकदाही म्हटलं नाही की ती माझी नव्हे. सोमवारी तर मला वाटत होतं, चोर तीच निघू दे.’’

नेव्हिल हसला नाही. फोन माझ्यापुढे सरकवून म्हणाला, ‘‘मग लाव तिला. माझ्यासमोर. तुझं तू सांगितलंस, की माझं मी सांगतो.’’

एकतीस वर्षांत कुणी माझ्या दाव्यात चूक काढली नाही, आणि आता मीच माझ्या हातानं माझं नाव खाली घेणार होते. मी नंबर लावला.

‘‘टेगन,’’ मी म्हणाले, ‘‘चौथा दावा तू लिहिलास. मी खोडत होते. ज्येष्ठ वकिलांना सांग, भागीदारांना सांग. नाही, तू नको. मीच सांगते उद्या सकाळी.’’

‘‘मला आठवतंय, रेलीन,’’ ती म्हणाली. ‘‘तुझी लाल शाईसुद्धा. दोन महिने वाट पाहिली, तू बोलशील म्हणून. मग डोकं फिरलं आणि मी जाऊन अपील मागून घेतलं. मला कुणी दिलं नव्हतं ते.’’ मग तिनं विचारलं, ‘‘जाळी मिळाली?’’

मी नेव्हिलकडे पाहिलं. तो उठला, खालच्या खणातून टॉवेलात गुंडाळलेली जाळी काढून त्यानं माझ्यापुढे ठेवली. तंतू डावीकडे.

‘‘कापून टाकणार होतो,’’ तो म्हणाला. ‘‘कटर हातात घेतला होता. पण इतका चांगला सांधा मी अजून केलेला नाही.’’

मी टेगनला ‘‘मिळाली’’ म्हटलं आणि फोन ठेवला. नेव्हिलनं आपला फोन काढला, नाव शोधलं, पण बोट पुढे जाईना. शेवटी त्यानं फोन माझ्या हातात दिला. मी लावला आणि आवाज मोठा केला. तिकडे सकाळचे साडेसहा वाजून गेले होते.

‘‘बाबा? मी बॅगच भरतेय. काय झालं?’’

‘‘किर्स्टी,’’ तो म्हणाला. ‘‘ती पहिली जाळी... ती तू केली होतीस.’’

‘‘हो. मग?’’

‘‘कोर्टात मी शपथेवर सांगितलं, मी केली.’’

‘‘माहीत आहे. निकाल सगळ्यांना वाचायला ठेवलेला असतो, बाबा. बावन्नावा परिच्छेद. वर्ष झालं वाचून. दोन दिवस रडले, मग मित्रांपुढे तुला शिव्या घालत सुटले, मग सोडून दिलं.’’

नेव्हिलनं डोळे मिटून घेतले. ‘‘मग येतेयस कशाला?’’

‘‘कशाला म्हणजे काय? तुझं अपील आहे ना गुरुवारी?’’ ती म्हणाली. ‘‘तू एकटा बसणार होतास का तिथे?’’

मी जाळी सोबत आणलेल्या पिशवीत घातली आणि खोलीबाहेर येऊन उभी राहिले.